सर्चचे नियम पुन्हा बदलणारच: आपली वेबसाइट आधीच कशी तयार ठेवावी

फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलने ‘पांडा’ नावाचा बदल अमेरिकेत लागू केला आणि तिथल्या जवळपास बारा टक्के शोधांचे निकाल ठळकपणे बदलले. इकडचा मजकूर तिकडे फिरवून चालणाऱ्या साइट्स मागे पडल्या. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ आला आणि विकत घेतलेल्या लिंका अंगाशी आल्या. एप्रिल २०१५ मध्ये मोबाइलवर नीट न दिसणारी पानं मोबाइलच्या निकालांत खाली सरकली. ऑगस्ट २०२२ मध्ये वाचकाच्या खरंच कामाचा मजकूर वर आणण्यासाठी ‘हेल्पफुल कंटेंट’ नावाचा बदल आला. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेला कोअर अपडेट (गुगलच्या मूळ रँकिंग पद्धतीतला मोठा बदल) पंचेचाळीस दिवस चालला आणि त्यात हे हेल्पफुल कंटेंट प्रकरण मूळ रँकिंगमध्येच मिसळून टाकलं गेलं. त्याच सुमारास ढिगाने मजकूर पाडणं, मुदत संपलेली जुनी डोमेन घेऊन तिच्या पुण्याईवर भलतंच काही विकणं, मोठ्या साइटच्या नावाआड परक्याची पानं चालवणं हे सगळं स्पॅमच्या यादीत गेलं.

हे सगळे बदल ओळीने मांडले की त्यांची दिशा लपत नाही. फक्त रँकिंग मिळावं म्हणून केलेली कामं एकेक करून बाद होत गेली आहेत. पुढचा बदल कधी येईल हे सांगता येणार नाही, पण तो कोणत्या बाजूने येईल याचा अंदाज नक्की बांधता येतो. तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी: सप्टेंबर २०२३ च्या अपडेटनंतर प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या अनेक छोट्या, स्वतंत्र साइट्सचीही वाचकसंख्या कोसळली. म्हणजे चांगलं लिहिलं की झालं, एवढ्यावर विसंबता येत नाही. तयारी दोन बाजूंनी करावी लागते. साइट अशी असावी की बदलाने तिचं फार बिघडू नये, आणि बिघडलंच तर धंदा किंवा वाचक हातचे जाऊ नयेत.

पुढचं सगळं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. देवगडचा एक आंबा बागायतदार आहे, त्याची मराठी वेबसाइट आहे. हंगामात हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला विकतो आणि वर्षभर आंब्याविषयी, कोकणातल्या पदार्थांविषयी लिहितो. साइट वर्डप्रेसवर आहे, होस्टिंग स्वस्तातलं आहे आणि वाचक बहुतेक मोबाइलवरून येतात. तुमची साइट क्लासची असो, दवाखान्याची असो की पाककृतींची, काम साधारण हेच आहे.

आकडे आधी स्वतःकडे आणा

बहुतेक जण ही पायरी टाळतात आणि नेमकं इथेच अडकतात. घसरण झाल्यावर तुलना करायला मागचं काही हाताशीच नसतं.

गुगल सर्च कन्सोल हे आपली साइट गुगलवर कुठे, किती दिसते ते सांगणारं साधन फुकट आहे. साइट जोडली नसेल तर आजच जोडा, कारण जोडण्याच्या आधीचं फारसं काही हाती लागत नाही. पण ते फक्त मागच्या सोळा महिन्यांचे आकडे ठेवतं, हे लक्षात असू द्या. आपल्या बागायतदाराचा हंगाम मार्च ते मे. त्याने ऑगस्टच्या अखेरीस मागे वळून पाहिलं तर गेल्या वर्षीचा अख्खा मार्च आणि जवळजवळ पूर्ण एप्रिल गायब झालेला असतो. म्हणून दर महिन्याच्या सुरुवातीला ‘परफॉर्मन्स’ अहवाल उघडा, आधीचा महिना निवडा आणि एक्स्पोर्ट करून गुगल शीटमध्ये ठेवा. कोणते शब्द शोधून लोक आले, कोणत्या पानांवर आले, मोबाइलवरून किती, कोणत्या देशातून, हे सगळं वेगवेगळ्या टॅबमध्ये मिळतं. एका वेळी हजारच ओळी उतरतात. साइट मोठी असेल तर एकेका विभागाचा फिल्टर लावून वेगवेगळं उतरवून घ्या.

याच शीटमध्ये आणखी एक टॅब करा आणि त्याला ‘नोंदवही’ म्हणा. साइटवर काहीही बदललं की तारीख आणि एक ओळ लिहायची: थीम बदलली, होस्टिंग हलवलं, प्लगिन टाकलं, दहा पानांची शीर्षकं बदलली. खाली गुगलच्या ‘सर्च स्टेटस डॅशबोर्ड’वर जाहीर झालेल्या अपडेट्सच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखा टाका. घसरणीचं खरं कारण या दोन रांगा शेजारी ठेवल्यावरच दिसतं. अपडेटच्या आधी चार दिवस तुम्हीच थीम बदलली असेल, तर गुगलला दोष देण्यात अर्थ नाही.

आता हंगामाचं. जूनमध्ये बागायतदाराची वाचकसंख्या एकदम खाली येते. ती रँकिंगची घसरण नव्हे, आंबा संपला एवढंच. म्हणून मागच्या महिन्याशी तुलना न करता मागच्या वर्षीच्या त्याच काळाशी करायची. मराठी साइटला मात्र एवढ्यानेही भागत नाही, कारण आपलं वर्ष तिथींवर चालतं. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. आंब्याच्या मोदकांच्या पानाची ‘सप्टेंबर विरुद्ध सप्टेंबर’ तुलना केली, तर २०२५ मध्ये वाचक गळाले असं दिसेल आणि ऑगस्टमध्ये चमत्कार झाल्यासारखं वाटेल. प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं. सणांशी जोडलेल्या पानांसाठी सणाचा दिवस शून्य धरा, त्याच्या आधीचे वीस दिवस आणि नंतरचे पाच दिवस असा तुकडा काढा आणि तोच तुकडा मागच्या वर्षीच्या तशाच तुकड्याशी ताडून पाहा. सर्च कन्सोलमध्ये दोन्ही तारखा हाताने टाकता येतात. परदेशातली तयार साधनं हे सहसा आपोआप करून देत नाहीत.

शेवटचं मोजमाप सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं नाव टाकून शोधणारे किती आणि ‘हापूस आंबा ऑनलाइन’ असं मोघम शोधणारे किती, हे वेगळं काढा. नावाच्या देवनागरी, रोमन आणि चुकीच्या स्पेलिंगच्या सगळ्या तऱ्हा फिल्टरमध्ये टाका. नावाने येणारे लोक कोणत्याही अपडेटमध्ये सहसा टिकून राहतात. हा वाटा वर्षागणिक वाढतोय का, हे मला एखाद्या शब्दावरच्या पहिल्या क्रमांकापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

पानांची झाडाझडती

सगळ्या पानांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा: वर्षभरात किती क्लिक, शेवटचं कधी तपासलं, कोणी लिहिलं आणि हे पान नसतं तर वाचकाचं काय अडलं असतं. शेवटचा प्रश्न टाळू नका. त्याला उत्तर सुचत नसेल तर ते पान धोक्यात आहे असं समजा.

बागायतदाराच्या साइटवर एसइओवाल्याने (सर्चमध्ये साइट वर आणून देण्याचं काम करणाऱ्याने) बनवलेली वीस पानं आहेत: ‘पुण्यात देवगड हापूस’, ‘नाशिकमध्ये देवगड हापूस’, ‘कोल्हापुरात देवगड हापूस’. मजकूर तोच, फक्त शहराचं नाव बदललेलं. गुगल अशा पानांना ‘डोअरवे’ म्हणतं आणि ती स्पॅमच्या नियमांत बसतात. आज ती चालत असतील, उद्या चालणार नाहीत. ही वीस पानं काढून ‘पेटी तुमच्या शहरात कशी आणि कधी पोचते’ असं एकच पान करायचं आणि त्यात खरा फरक लिहायचा: कुठल्या शहराला कोणत्या वारी गाडी निघते, कुठे घरपोच मिळते आणि कुठे डेपोवरून उचलावी लागते, भाडं किती, वाटेत फळ दबलं तर काय. मग जुन्या वीसही पत्त्यांवरून या नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमचं वळण, लावायचा.

एकमेकांशी भांडणारी पानंही अशीच एकत्र आणा. ‘हापूस कसा ओळखावा’, ‘खरा हापूस ओळखण्याच्या युक्त्या’, ‘अस्सल देवगड हापूसची ओळख’ अशी तीन पानं असली की गुगल कधी एक दाखवतं, कधी दुसरं, आणि कुठलंच पक्कं बसत नाही. तिन्हींतला उत्तम भाग घेऊन एकच भक्कम पान करा. जिथे आधीपासून जास्त वाचक येतात तोच पत्ता ठेवा.

ज्या पानाला जवळचं दुसरं पान नाही आणि ज्याचा उपयोगही नाही, ते सरळ काढून टाका. पत्ता ‘सापडलं नाही’ असं सांगू लागला तरी बिघडत नाही. सगळी मेलेली पानं मुख्यपानाकडे वळवण्याची सवय मात्र सोडा. वाचकही गोंधळतो आणि गुगलही अशी वळणं बऱ्याचदा ‘पान नाही’ याच सदरात धरतं.

पण केवळ क्लिक कमी म्हणून कात्री चालवू नका. साका (गरातला दोष) पडलेल्या आंब्याविषयीचं पान महिन्याला मोजकेच लोक वाचत असतील, पण पेटी घेण्याआधी बिचकणारं गिऱ्हाईक तेच पान वाचून फोन उचलतं. असं पान जपायचं.

मजकूर न बदलता वरची तारीख तेवढी ताजी करणं हेही थांबवा. तारीख बदलायची तर आत काय बदललं ते एका ओळीत लिहा: ‘यंदाचे भाव टाकले’, ‘पार्सलची पद्धत बदलली’.

जे फक्त तुम्हीच लिहू शकता

‘देवगड हापूस चवीला गोड, सुवासिक आणि पातळ सालीचा असतो.’ हे वाक्य कोणीही लिहू शकतं. कधीही आंबा न चाखलेलं सॉफ्टवेअरसुद्धा. ज्या पानावर अशीच वाक्यं आहेत ते पान पुढच्या बदलात सगळ्यात आधी मागे पडेल, कारण तशी हजारो पानं आहेत आणि आता तर यंत्र स्वतःच ते उत्तर वर लिहून देतं.

आता तोच विषय बागेतल्या माणसाने लिहिला तर काय होईल ते बघा. आढी कशी लावतो, पेंढ्याचे थर कसे देतो, मोहरानंतर अवकाळी पाऊस झाला त्या वर्षी फळ कसं आलं, चार डझनांच्या आणि सहा डझनांच्या पेटीत फळाच्या आकाराचा फरक किती, याचे तळहातावर फळ ठेवून काढलेले फोटो. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. तेव्हा गिऱ्हाइकाने काय करायचं आणि आपण काय भरपाई देतो. पेटी आली की लगेच फ्रिजमध्ये का ठेवायची नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे येतात. आपण त्या नोंदणीत असू तर प्रमाणपत्राचा फोटो पानावर लावायचा. हे सगळं गुगलला आवडावं म्हणून लिहायचं नाही. गिऱ्हाईक फोनवर हेच विचारतं, म्हणून लिहायचं.

डिसेंबर २०२२ मध्ये गुगलने आपल्या गुणवत्ता तपासनिसांच्या मार्गदर्शिकेत प्रावीण्य, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा शब्द घातला. हा काही थेट गुणांक नाही; कोणी ‘तुमचा स्कोअर वाढवून देतो’ म्हणालं तर पैसे देऊ नका. पण गुगलला कशा प्रकारची पानं वर आणायची आहेत हे त्यातून स्पष्ट होतं. म्हणून प्रत्येक लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव, त्याचा या विषयाशी संबंध आणि संपर्काचा खरा मार्ग द्या. आरोग्य, पैसा, कायदा अशा विषयांवर लिहीत असाल तर हे अनिवार्यच समजा.

विषय कुठून शोधायचे? वर्षभरात आलेले व्हॉट्सॲप संदेश उघडा. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही पुन्हा पुन्हा टाइप करताय, त्याचं पान व्हायला हवं. कीवर्ड शोधण्याची महागडी साधनं मराठीसाठी फार तोकडी आकडेवारी दाखवतात, पण तुमच्या इनबॉक्समधली माणसं खरी आहेत.

मराठी साइटच्या खास अडचणी

इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हा भाग सहसा सापडत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली गोष्ट युनिकोडची, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीची. जुन्या साइट्सवर आणि विशेषतः जुन्या दैनिकांच्या, मंडळांच्या, संस्थांच्या संग्रहात अजूनही शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटांतला मजकूर आहे. डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरांची खिचडी असते. सर्च इंजिन तीच खिचडी वाचतं. मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. अक्षरं विचित्र झाली तर तो युनिकोड नाही. कन्व्हर्टर वापरा, पण नंतर रफार, ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कारण कन्व्हर्टर तिथेच घसरतात.

दुसरी, चित्रातला मजकूर. दरपत्रक, वेळापत्रक, कार्यक्रम यांचं सुबक पोस्टर करून व्हॉट्सॲपवर फिरवायची आपल्याकडे पद्धत आहे आणि तेच पोस्टर वेबसाइटवर लावलं जातं. पोस्टर खुशाल लावा, पण त्याखाली तोच मजकूर अक्षरांत टाइप करा. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडरही ते वाचू शकेल.

तिसरी, पत्त्यातली देवनागरी. ‘हापूस’ या शब्दात संगणकाच्या हिशेबाने पाच खुणा आहेत. पत्ता कॉपी केला की प्रत्येक खूण टक्क्याच्या चिन्हांसह नऊ अक्षरांची होते, म्हणजे एवढ्याशा शब्दाची पंचेचाळीस अक्षरं. वर्डप्रेस पानाच्या पत्त्याला अशी दोनशेच अक्षरं देतं, त्यामुळे साधारण बावीस खुणांनंतर मराठी पत्ता मध्येच तुटतो. गुगलला देवनागरी पत्ता चालतो, तेव्हा जे जुने पत्ते स्थिरावले आहेत त्यांना हात लावू नका. नव्या पानांना मात्र दोन-तीन शब्दांचा रोमन पत्ता हाताने द्या.

चौथी गोष्ट शोधण्याच्या पद्धतीची. लोक ‘आंबा पोळी’, ‘आंबापोळी’, ‘आंब्याची पोळी’ असं लिहितात, रोमनमध्ये ‘अम्बा पोली रेसिपी इन मराठी’ या धाटणीचं टाइप करतात, आणि आता बोलूनही शोधतात. प्रत्येक रूपासाठी वेगळं पान करायची गरज नाही. मजकूर स्वाभाविक मराठीत लिहिला की ही रूपं त्यात आपसूक येतात. सर्च कन्सोलमध्ये एखादं रूप सारखं दिसतंय आणि पानावर कुठेच नाही, तर एका वाक्यात त्याला जागा द्या. रोमन मराठीचे ढीग पानाच्या तळाशी चिकटवू नका.

पाचवी, भाषांतर. इंग्रजी पानांचं यंत्राने मराठी करून शंभर पानं उभी करण्याचा मोह सध्या सगळ्यांना होतोय. माणसाने न तपासलेला असा ढीग नेमका त्या मार्च २०२४ च्या नियमात अडकतो. मराठी वाचकही दुसऱ्या ओळीत ओळखतो आणि मागे फिरतो. दहा पानं करा, पण ती मराठीत विचार करून लिहिलेली असू द्या.

साइट मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत असेल तर प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता द्या आणि कोणतं पान कोणत्या भाषेतलं हे सांगणाऱ्या ‘एचरेफलँग’च्या खुणेने जोड्या लावा. एकाच पत्त्यावर बटण दाबून भाषा बदलणारी सोय सर्च इंजिनाला नीट दिसत नाही.

तांत्रिक पाया: कमी बोला, पक्कं करा

गुगल आता साइट मोबाइलच्याच रूपात वाचतं. तेव्हा डेस्कटॉपवर दिसणारा मजकूर मोबाइलवर लपवलेला नाही ना, एवढं आधी पाहा.

वेगाचे तीन मापदंड आहेत: पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर दोनशे मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, आणि पान लोड होताना मजकूर वर-खाली उडण्याचं माप ०.१ च्या आत राहावं. दर चार भेटींपैकी तीन भेटींत हे साधलं तर पान उत्तीर्ण. मार्च २०२४ पर्यंत मधल्या मापदंडाच्या जागी वेगळंच माप होतं, यावरूनच कळावं की मापं बदलत राहतात. पान हलकं ठेवणं हा त्यावरचा टिकाऊ उपाय. मराठी साइट्सवर जडपणा येतो तो बहुधा फाँटांमुळे आणि फोटोंमुळे. देवनागरी फाँटची फाइल जोडाक्षरांमुळे मोठी असते. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांपैकी एकच घ्या आणि त्याच्या साधी व ठळक अशा दोनच तऱ्हा ठेवा. फोटो मोबाइलवरून काढला तसाच न चढवता लहान करून चढवा.

चोरीच्या थीम आणि प्लगिन वापरू नका. त्यातून साइट हॅक होते आणि गुगलमध्ये तुमच्या नावाखाली परक्या भाषेतली जाहिरातीची पानं दिसू लागतात. अधूनमधून स्वतःच्या डोमेनपुरता शोध घेऊन काय काय दिसतंय ते नजरेखालून घाला.

डोमेन तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर नोंदलेली आहे का? साइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर असेल तर या आठवड्यात बदलून घ्या. पूर्ण बॅकअप होस्टिंगबाहेर ठेवा. साइट नव्या पत्त्यावर हलवली तर रीडायरेक्ट किमान एक वर्ष, जमल्यास कायमचे चालू ठेवा.

यंत्राने वरच उत्तर दिलं तर?

ऑगस्ट २०२४ पासून भारतात गुगलच्या निकालांवर एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे यंत्राने लिहिलेली उत्तरं, दिसू लागले. ‘हापूसचा हंगाम कधी असतो’ याचं उत्तर वरच मिळालं तर खाली कोण येणार? खरं सांगायचं तर फारसं कोणी नाही. एका वाक्यात संपणाऱ्या उत्तरांवर उभी असलेली पानं वाचकसंख्या गमावणार, हे धरूनच चाला.

टिकतात ती कामं ज्यांत वाचकाला निवड करायची असते, विश्वास ठेवायचा असतो किंवा काहीतरी करून पाहायचं असतं: यंदाचे भाव, बागेतला आजचा फोटो, पेटीची उपलब्धता, अडचण आली तर कोणाला फोन करायचा. आपली मेहनत या बाजूला वळवा. त्याचबरोबर पानात थेट प्रश्नाखाली थेट उत्तर द्या आणि तपशील नंतर मांडा. यंत्राने मजकूर उचलला तर तुमचा उल्लेख स्रोत म्हणून येण्याची शक्यता त्याने वाढते आणि घाईतल्या माणसालाही ते बरं पडतं.

आपला मजकूर यंत्रांना द्यायचा की नाही, हा निर्णय तुमचा आहे. पण खुणांची गल्लत करू नका. रोबोट्स फाइलमध्ये (यंत्रांनी साइटवरचं काय घ्यायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘गुगल-एक्स्टेंडेड’ला अडवलं तर गुगलच्या जेमिनी या एआयपुरता मजकूर अडतो, सर्चमधलं स्थान हलत नाही आणि एआय ओव्हरव्ह्यूही थांबत नाही. ओव्हरव्ह्यूमधून बाहेर राहायचं तर पानाला ‘नोस्निपेट’ ही खूण लावावी लागते, आणि मग निकालातला तुमच्या पानाखालचा उताराही जातो. छोट्या साइटने ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एकाच वाटेवर विसंबू नका

मार्च २०२४ मध्ये गुगलने बिझनेस प्रोफाइलवरून फुकट बनवता येणाऱ्या वेबसाइट्स बंद केल्या. जूनपर्यंत जुने पत्ते प्रोफाइलकडे वळत होते, नंतर तेही थांबलं. ज्या दुकानदारांच्या बिलबुकावर, पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर तो पत्ता छापलेला होता, त्यांच्याकडे काहीच उरलं नाही. फुकटच्या जागेवर पाटी लावायला हरकत नाही, पण मूळ घर स्वतःच्या डोमेनवर हवं.

बिझनेस प्रोफाइल मात्र जरूर ठेवा: वेळ, फोन, फोटो ताजे आणि प्रत्येक अभिप्रायाला उत्तर. बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्येही साइट नोंदवा. सर्च कन्सोलमधून थेट आयात होते, दहा मिनिटांचं काम आहे.

सर्वांत मोठी ठेव म्हणजे गिऱ्हाइकांची स्वतःची यादी. पेटी घेणाऱ्या प्रत्येकाला विचारा: पुढच्या मोसमात पहिली तोड झाली की कळवू का? होकार आला तर नंबर किंवा ईमेल नीट नोंदवून ठेवा, आणि वर्षातून मोजकेच पण कामाचे संदेश पाठवा. पुणे-मुंबईबाहेरची, दुबई-लंडनची मराठी मंडळीही अशाच यादीतून वर्षानुवर्षं परत येतात. शीटमध्ये एक आकडा लिहा: एकूण विक्रीतली किती गुगलवरून आली? तो वाटा अर्ध्याहून जास्त असेल तर तो कमी करणं हे पुढच्या वर्षाचं पहिलं काम.

घसरण झालीच तर या क्रमाने तपासा

पहिल्या दिवशी काहीही बदलू नका. आधी सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल ॲक्शन (नियम मोडल्याबद्दल गुगलच्या माणसांनी केलेली कारवाई) आणि सुरक्षेचे अहवाल पाहा. मग पानांच्या इंडेक्सिंगचा, म्हणजे गुगलने कोणती पानं आपल्या यादीत घेतली याचा अहवाल. एखाद्या प्लगिनने चुकून ‘नोइंडेक्स’ (हे पान यादीत घेऊ नका) लावलं असेल तर ते इथेच कळतं. त्यानंतर नोंदवही, मग हंगाम आणि तिथी.

क्लिक कमी झाले की फक्त इम्प्रेशन (पान निकालांत किती वेळा दिसलं तो आकडा), हेही वेगळं करा. सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलने एका पानावर शंभर निकाल मागण्याची सोय काढून टाकली, तेव्हा अनेक साइट्सचे इम्प्रेशन एकदम उतरले. कारण त्यांतले बरेच निकाल माणसांनी नव्हे, रँक मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने मागवलेले होते. क्लिक मात्र जागच्या जागी राहिले.

एवढ्यानंतरही कोअर अपडेटवरच संशय असेल तर अपडेट पूर्ण झाल्यावर एक आठवडा जाऊ द्या आणि तो आठवडा अपडेट सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी ताडून पाहा. दुसऱ्या क्रमांकावरून चौथ्यावर गेलात तर फार हालचाल करू नका. चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेलात तर मोठी दुरुस्ती लागेल. कोणती पानं पडली ते पाहा आणि त्या शब्दांवर आता वर कोण आलंय ती पानं वाचक म्हणून, शांतपणे, मोबाइलवर वाचा. तिथे असं काय आहे जे तुमच्याकडे नाही, ते लिहून काढा. दुरुस्तीला हंगामात सर्वाधिक विक्री देणाऱ्या पाच पानांपासून सुरुवात करा आणि प्रत्येक बदलाची तारीख नोंदवहीत टाका. काही सुधारणा थोड्या दिवसांत दिसतात, काहींना पुढच्या कोअर अपडेटपर्यंत, म्हणजे काही महिने लागतात. त्या महिन्यांत लिंका विकणाऱ्यांचे आणि ‘सात दिवसांत पुन्हा पहिल्या पानावर’ म्हणणाऱ्यांचे फोन येतील. त्यांना नकार द्या आणि आंब्याचा मोहर यायच्या आत, डिसेंबर उजाडण्यापूर्वी, ती पाच पानं पुरी करा.